कॅज्युअल्टीच्या बाकावर

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत ठाण्यातल्या एक निवृत्त कॅज्युअल्टी सिस्टर.)

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. आम्ही कासारवडवलीला राहतो. मागच्या महिन्यात माझ्या सासूबाईंच्या (वय ६७, मधुमेह आहे) पोटात वरच्या बाजूला जोरात दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली. रात्री पावणेदहाला जवळच्या एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोचलो. आत घेतल्याबरोबर छातीची पट्टी (ईसीजी) काढली, बोटाला क्लिप लावली, साखर बघितली (१६८ होती), आणि ‘बाहेर बसा, तोंडाने काही देऊ नका’ म्हणून सांगितलं. त्यानंतर कुणी फिरकलं नाही. आमच्यानंतर एक गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत आले, त्यांना थेट आत घेतलं. सव्वाबाराच्या सुमाराला सासूबाईंना दरदरून घाम फुटला आणि त्या माझ्या मिस्टरांना मामांच्या नावाने हाका मारायला लागल्या. मी आरडाओरडा केला तेव्हा धावपळ झाली. साखर ४८ निघाली. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर थोड्या वेळात त्या माणसात आल्या. दुखणं पित्ताशयातल्या खड्यांचं होतं, आता बरं आहे. नणंदेचं म्हणणं, सुरुवातीलाच आवाज चढवला असता तर ही वेळ आली नसती. पोट दुखत असताना छातीची पट्टी काढून वेळ कशाला घालवला? आणि अशा ठिकाणी किती वेळ थांबणं रास्त? – स. प.

उत्तर : आधी पट्टीचं बोलू, कारण त्यावर तुमचा राग आहे आणि नेमकं तिथेच त्या लोकांनी बरोबर काम केलंय. साठी ओलांडलेली बाई, त्यात मधुमेह, आणि दुखणं पोटाच्या वरच्या भागात, म्हणजे पहिला संशय हृदयाचा घ्यायचा. मधुमेह असलेल्या माणसाला कधी कधी छातीत कळ येतच नाही. नुसती मळमळ, घाम, पोटाच्या तोंडाशी दुखणं, एवढ्यावर हार्ट अटॅक येऊन जातो आणि घरचे सोडा-लिंबू देत बसतात. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघायला हवा, हा नियम सगळीकडे आहे. शहाणी सिस्टर तो अशा पोटदुखीलाही लावते. तुमची पट्टी साफ आली, म्हणून तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

ते चालत आलेले गृहस्थही बहुधा पट्टीसाठीच आत गेले असणार. रिक्षाचे पैसे स्वतः देऊन, सुटे परत घेऊन आलेला माणूस टेबलासमोर उभ्याउभ्या कोसळलेला मी पाहिलाय. आणि अर्ध्या सोसायटीच्या खांद्यावरून ‘मेलो, मेलो’ करत आलेल्याला ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन तासाभरात घरी पाठवलंय. ओरडणाऱ्या पेशंटबद्दल एक गोष्ट निश्चित कळते, की त्याचा श्वास चालू आहे. आमचं लक्ष आधी जातं ते स्ट्रेचरवर गप्प पडलेल्याकडे. म्हणून नणंदबाईंना सांगा, पावणेदहाला आवाज चढवून काही मिळालं नसतं. फार तर वॉचमनशी भांडण झालं असतं.

सव्वाबाराचं मात्र वेगळं. तिथे चूक आहे, आणि ती त्यांची आहे.

कॅज्युअल्टीत आलेल्याला मनातल्या मनात रंग दिला जातो, काही ठिकाणी खरोखर मनगटावर पट्टीही बांधतात. लाल म्हणजे आत्ता, या क्षणी. हिरवा म्हणजे सर्दी-ताप, मुरगळलेला पाय, थांबू शकतो. मधला पिवळा. तोही थांबू शकतो, पण त्याला नजरेआड करायचं नसतं, कारण पिवळ्याचा लाल कधी होईल याचा नेम नाही. तुमच्या सासूबाई पिवळ्या. त्यांना बसवून ठेवलं यात वावगं काही नाही. पण बसवल्यानंतर अडीच तास कुणी नाडीला हात लावला नाही, दुसऱ्यांदा साखर बघितली नाही. मधुमेहाचा पेशंट उपाशी ठेवलाय म्हटल्यावर ‘रात्रीचं इन्सुलिन घेतलं का, आणि नंतर जेवलात का’ हा प्रश्न केसपेपर लिहितानाच यायला हवा, आणि ग्लुकोमीटर तासातासाला निघायला हवं. सासूबाईंनी बहुतेक साडेआठ-नऊला इन्सुलिन टोचून घेतलं, मग दुखायला लागलं आणि ताट तसंच राहिलं. १६८ ही साखर पावणेदहाची. इन्सुलिनचा जोर त्यानंतर चढला.

असं का होतं तेही सांगते. रात्री बाहेरच्या टेबलाला बऱ्याचदा एकच सिस्टर असते. आत एखाद्याचा सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) सुरू झाला की सीएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय सगळे त्या पडद्यामागे जातात, आणि अर्धा-पाऊण तास बाकावरच्यांना वाली नसतो. त्यात रात्री नऊनंतर फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने बंद होतात आणि महापालिकेची बाह्यरुग्ण तपासणी तर सकाळचीच. मग पावसाळ्यात प्रत्येक ताप, डेंग्यूची प्रत्येक धास्ती कॅज्युअल्टीच्याच दारात येते. सरकारी ठिकाणी तर विचारू नका. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ५०० खाटा, आणि माणसं शहापूर-मुरबाड-भिवंडीपासूनची. २०२३ मध्ये ठाण्याचं सिव्हिल नव्या इमारतीसाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं, तेव्हा कळव्यावर आणखी भार आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे एका दिवसात १८ मृत्यू झाले आणि चौकशी समिती बसली, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. पण ही कारणं झाली. कारण कळलं म्हणून सासूबाईंची ४८ साखर माफ होत नाही. त्या रुग्णालयाला लेखी कळवा, वेळा घालून. त्याचा उपयोग पुढच्या पेशंटला होतो.

आता तुम्ही काय करायचं. बाकावर बसल्यावर पेशंटवर नजर ठेवणारं माणूस प्रत्यक्षात एकच असतं, ते म्हणजे तुम्ही. टेबलाशी येऊन ‘आम्ही कधीपासून बसलोय’ म्हणणारे एका रात्रीत इतके भेटतात, की ते वाक्य कानावरून जातं. काय बदललं ते सांगा. ‘सिस्टर, दहा वाजता नीट बोलत होत्या, आता नावं चुकतायत.’ हे ऐकून जी मान वर करत नाही तिने कॅज्युअल्टीत राहू नये. श्वास लागायला लागला, घाम फुटला, पोट लाकडासारखं कडक झालं, बाळ दूध ओढेनासं झालं, हात उचलताना एक खाली पडतो, तोंड एका बाजूला गेलं, झोपलाय तो हाक मारून उठत नाही : यातलं काहीही दिसलं तर नंबर-बिंबर विसरायचं, सरळ आत शिरायचं. तोंड वाकडं किंवा जीभ जड झाली असेल तर सोबत ‘शेवटचं धड कधी पाहिलं’ ती वेळ सांगायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास लक्षण सुरू झाल्यापासून मोजतात, दारात आल्यापासून नव्हे. पेशंट झोपेतून तसाच उठला असेल तर झोपायला गेला तेव्हापासून.

आणि ‘नुसतं बसवून ठेवलं’ यातलं सगळं बसवणं रिकामं नसतं, हेही ध्यानात घ्या. येऊरच्या बाजूने पावसाळ्यात साप चावलेले येतात. असाच एक पोरगा होता, दहावीतला, पायाला दोन टिकल्या, सूज घोट्यापर्यंत. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत त्याचं दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतलं आणि नळी स्टँडला उभी करून ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. घोणसीसारख्या सापाचं विष रक्त गोठू देत नाही, तेव्हा नळी तिरकी केली की रक्त पाण्यासारखं वाहतं, आणि विषावरचं इंजेक्शन लगेच सुरू करतात. वडील टेबलावर मुठी आपटत होते, ‘अहो, रक्त काढून बाजूला काय ठेवलंत!’ त्यांची चूक काय? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की घड्याळ लावून आम्ही त्या नळीकडेच बघतोय. मी त्यांना स्टँडपाशी नेऊन उभं केलं. रक्त नीट गोठलं होतं. तरी मुलाला चोवीस तास ठेवून घेतला, परत परत तपासलं, कारण मण्यारीचं विष रक्ताला काही करत नाही आणि तासांनंतर पापण्या मिटायला लागतात. हार्टचंही तसंच. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते, पहिल्या तपासात साफ येऊ शकतं, म्हणून ती तपासणी काही तासांनी पुन्हा करतात. तुमच्या पुढे गेलेले ते गृहस्थ कदाचित पहाटेपर्यंत आतच बसून होते.

‘किती वेळ रास्त’ याला एक आकडा नाही. इंग्लंडमध्ये वापरतात त्या मँचेस्टर पद्धतीत पिवळ्याला डॉक्टरने बघायला एक तास आणि हिरव्याला दोन तास धरलेत. आपल्याकडेही मी हेच माप धरेन. तासाभरात पिवळ्याकडे कुणी आलं नाही तर टेबलाशी जाऊन शांतपणे म्हणा, ‘एकदा परत बीपी आणि साखर बघता का?’ मागायचं ते हे.

प्रश्न : वडिलांना (७४) न्यूमोनिया झाला. सकाळी नऊला कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी ‘ॲडमिट’ लिहिलं आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत ते स्ट्रेचरवरच. विचारलं की एकच उत्तर, ‘वर बेड झाला की शिफ्ट करू.’ हा काय प्रकार आहे? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : हा प्रकार वरच्या मजल्यावरचा आहे आणि भोगतो खालचा. कॅज्युअल्टीतली अर्धी गर्दी खरं तर कॅज्युअल्टीची नसतेच. ती वॉर्डात जायची, पण वाट अडलेली माणसं असतात. नवा पेशंट दाराशी आला की त्याला टेकायला स्ट्रेचर नाही, कारण त्यावर तुमचे वडील आहेत.

वर बेड अडतो कसा, बघा. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर ‘आज सोडा’ म्हणतात. मग समरी टाइप व्हायची, उरलेली औषधं फार्मसीला परत जायची, बिल बनायचं, ते विमा कंपनीकडे जायचं, तिकडून शंका यायची, तिला उत्तर जायचं. २०२४ मध्ये विमा नियामकाने नियम केला, की रुग्णालयाने कागद पाठवल्यापासून तीन तासांच्या आत कंपनीने डिस्चार्जची मंजुरी द्यायची, आणि त्याहून उशीर झाला तर वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा. पण कागद पाठवायलाच दुपारचे दोन वाजवले तर तीन तास तिथून सुरू होतात. तुम्हाला घरी न्यायची वेळ येईल तेव्हा आदल्या संध्याकाळीच विमा डेस्कला विचारून ठेवा, ‘आमचे कागद सकाळी किती वाजता जाणार?’

आणि थोडं आपल्या लोकांचंही सांगते, राग नका मानू. बिल भरलंय, समरी हातात आहे, कपडे बदललेत, आणि आजी पलंगावर बसून आहेत. का? तर राहूकाळ आहे. किंवा शनिवारी आजारी माणूस घरी न्यायचं नाही. किंवा मुलगा ऑफिसातून सातला येणार, गाडी त्याच्याकडे. मी एका काकांना म्हटलं होतं, ‘काका, खाली एक बाई स्ट्रेचरवर आहे, तिचा राहूकाळ सकाळपासून सुरू आहे.’ ते बिचारे लगेच उठले, चपला घालायलाही विसरले.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत बेडपेक्षा मोठे दोन प्रश्न होते. न्यूमोनियाच्या अँटिबायोटिकचा पहिला डोस स्ट्रेचरवरच गेला का, की ‘वर गेल्यावर सुरू करू’ म्हणून राहिला? तो खालीच जायला हवा. आणि दुसरा, ‘ॲडमिट’ लिहिल्यानंतर ते नेमके कुणाचे पेशंट? खालचे म्हणतात वरच्यांचे, वरचे म्हणतात अजून आलेत कुठे. त्या डॉक्टरांचं नाव विचारून घ्यायचं आणि केसपेपरवर आहे का ते बघायचं. बाकी, स्ट्रेचरला दोन्ही बाजूंचे कठडे वर असू द्या आणि दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवा. स्ट्रेचरची गादी म्हणजे रेक्झिनची पट्टी, म्हाताऱ्या माणसाची माकडहाडाजवळची कातडी एका दिवसात लाल होते. लघवीचं भांडं मागायला लाजू नका, मावशी सगळीकडे असतात.

प्रश्न : ठाणे-बेलापूर रोडवर माझ्या भावाला डंपरने कट मारला, पायाचं हाड बाहेर आलं होतं. सगळ्यात जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं तर ‘पोलीस केस आहे, आधी डिपॉझिट भरा नाहीतर महापालिकेच्या रुग्णालयात न्या’ म्हणाले. रिक्षात तसाच पुढे घेऊन गेलो. हे कायद्याने चालतं का? – कोपरखैरणे

उत्तर : नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचवणं पहिलं, पोलिसांचे सोपस्कार मागाहून. मोटार वाहन कायद्याच्या १३४ कलमातही डॉक्टरने कागदपत्रांची वाट न बघता उपचार करायचे असं लिहिलंय. सरकारी रुग्णालयाला ‘बेड नाही’ म्हणूनही हात झटकता येत नाहीत. बंगालमध्ये हकीम शेख नावाचा मजूर १९९२ मध्ये ट्रेनमधून पडला, एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं. १९९६ मध्ये न्यायालयाने तो त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली.

पण रस्त्यात रक्त गळत असताना कलमं पाठ म्हणून दाखवायला कुणाला सुचतंय? म्हणून एक वाक्य लक्षात ठेवा : ‘ठीक आहे, पुढे नेतो, पण रक्त थांबवा, पाय बांधा, सलाईन लावा, आणि का पाठवताय ते वेळेसकट लिहून द्या.’ लिहून द्या म्हटलं की बऱ्याच ठिकाणी आतून स्ट्रेचर येतं. एमएलसी, म्हणजे पोलीस केस, नोंदवायचं काम रुग्णालयाचं आहे, तुमचं नाही. आणि पुढे नेताना रिक्षा नको, १०८ बोलवा. महाराष्ट्रात ती २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत, आत डॉक्टर असतो. उघडं पडलेलं हाड रिक्षाच्या धक्क्यांनी आणखी नसा कापत जातं.

मे २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस. डिपॉझिट मागितलं की ह्या योजनेचं नाव घ्या. आणि वाटेत ज्या अनोळखी पोराने भावाला उचलायला हात दिला असेल त्याला सांगा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला पोलीस जबरदस्तीने साक्षीदार करू शकत नाहीत. पुढच्या वेळी तो पळणार नाही.

प्रश्न : नगरसेवकाचा फोन आला तर नंबर लवकर लागतो, हे खरं ना? – एक स्पष्टवक्ता, वर्तकनगर

उत्तर : खोटं कशाला सांगू, कधी कधी लागतो. केसपेपर पटकन निघतो, बसायला खुर्ची मिळते, कुणीतरी येऊन गोड बोलून जातं. पण त्या फोनवर सीएमओ पाच मिनिटं ‘हो साहेब, बघतो साहेब’ करत उभा असतो आणि तेवढा वेळ आत कुणाच्या तरी टाक्यांत सुई अडकलेली असते. रक्ताचा रिपोर्ट साहेबांच्या फोनने लवकर येत नाही, मशीनला साहेब ओळखू येत नाहीत.

फोन करायचाच तर घरी राहिलेल्या माणसाला करा. जुनी फाईल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि चष्मा घेऊन यायला सांगा.